बेवारस आजोबा

आमच्या घरातली दोन माणसं एकाच कंपनीत, एकाच खोलीत काम करतात, ह्याचं नातेवाइकांना भारी कौतुक होतं. मी आणि माझे धाकटे दीर. "छान आहे बाई तुमचं, बरोबर जायचं, बरोबर यायचं," असं जो तो म्हणायचा. मी म्हणायचे, छान कसलं डोंबलाचं, बुडालो तर दोघं एकदमच बुडू. गमतीत म्हणायचे. जीभ माझी पहिल्यापासून अशीच आहे, मनात आलं की बाहेर.

कंपनी आमची कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप यंत्रानं घेतात, ते आमच्याकडे फाइल होऊन येतं आणि खालच्या मजल्यावरचे कारागीर त्यावरून दात घडवतात. त्या फाइलींना आम्ही जबडे म्हणायचो. "आज जबडे कमी आले," असं कुणी जिन्यात ओरडलं की नवीन माणूस दचकायचा. हे जबडे सांभाळायचे, हरवू द्यायचे नाहीत, कारागिरानं मागितला की लगेच दाखवायचा, हे आमच्या सर्व्हर रूमचं काम. खोलीला खिडकी नाही, दिवसभर यंत्रांची घरघर आणि एसीची थंडी. मी बाराही महिने स्वेटर घालून बसायचे.

त्या खोलीत एक रीत होती. नवीन यंत्र आलं की त्याला नाव द्यायचं, आणि नाव नात्यातलंच. जबडे ज्याच्यात राहायचे ते सगळ्यात थोरलं यंत्र म्हणजे आजोबा. मेलचं यंत्र आत्याबाई, कारण सगळ्यांची पत्रं तिच्या हातून जायची. एक महागडं यंत्र होतं, काम कमी आणि गारवा सगळ्यात जास्त मागायचं, त्याचं नाव जावई. नावाची चिकटपट्टी भावजी स्वतः लावायचे. आणि एकदा नाव लागलं की त्या यंत्राला विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा नियम. नाव आहे म्हणजे घरचं आहे. झाडणारा माणूससुद्धा आजोबांची वायर चुकून हलली तर येऊन सांगायचा.

मग नवीन मॅडम आल्या. आयटीच्या प्रमुख म्हणून. माझ्यापेक्षा वयानं लहान, बोलायला गोड, पण कामात चोख. पहिल्याच आठवड्यात आम्हा दोघांना समोर बसवून त्यांनी सांगितलं, "ही खोली बंद होणार आहे. सगळं क्लाउडवर जाणार."

"म्हणजे यंत्रं कुठे जाणार?" भावजींनी विचारलं.

"यंत्रं नसणारच. आपण दुसऱ्याची यंत्रं भाड्यानं वापरायची. ती कुठल्या तरी लांबच्या इमारतीत असतील. आपल्याला फक्त पडद्यावर दिसतील. हवं तेव्हा नवीन घ्यायचं, नको झालं की टाकून द्यायचं."

"आणि आम्ही?" मी विचारलं. मला फिरवून बोलता येत नाही.

मॅडम म्हणाल्या, "खरं सांगू? वरच्यांना बाहेरची कंपनी आणायची आहे. मी म्हटलं, आपली माणसं शिकतील. तुम्ही दोघं शिकलात आणि जबड्यांची हलवाहलव नीट पार पाडलीत, तर दोघांनाही ठेवून घेईन. तेवढा शब्द मी वर टाकलाय."

घरी कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार काय? आमचे हे इलेक्ट्रिशियन, शिडीवरून पडले आणि कंबर गेली, तेव्हापासून काठी टेकत घरातल्या घरात फिरतात. भावजींची बायको, माझी जाऊ, पहिल्यांदाच पोटुशी, दिवस भरत आलेले, आणि ब्लडप्रेशर असं चढायचं की डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, हिच्या कानावर कसलीही काळजी पडू देऊ नका. घर चालायचं ते आम्हा दोघांवर. ती खोली बंद झाली तर आमच्या चुलीखालचा जाळच गेला, हे मला लख्ख दिसत होतं.

तेव्हा शिकलो. शिकलो म्हणजे डोकं आपटलं. सकाळी सगळे उठायच्या आत स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप मांडायचा आणि व्हिडिओतला मास्तर ऐकायचा. तो मेला एवढा आनंदात असायचा की मला त्याचा राग यायचा. "किती सोपं आहे!" असं म्हणत तो पाच-पंचवीस बटणं दाबून मोकळा व्हायचा, आणि मी तिसऱ्या बटणावरच अडकलेली. शब्द सगळे नवीन. आज पाठ केलेला शब्द उद्या बदललेला. काल जिथे बटण होतं तिथे आज दुसरंच काही. या वयात पाटी-पेन्सिल घेऊन बसायचं म्हणजे थट्टा आहे का? कितीदा तरी मी लॅपटॉप फाडकन मिटायचे आणि भाजी चिरायला घ्यायचे, आणि पाचव्या मिनिटाला परत उघडायचे. दुसरं करणार काय होते?

एकदा तर आदल्या दिवशी बनवलेलं सरावाचं यंत्र सकाळी दिसेचना. यादी रिकामी. परत बनवलं. दुपारी पाहिलं तर तेही गायब. मी रडायच्या बेताला आले, तेव्हा भावजी शांतपणे म्हणाले, "वहिनी, वर कोपऱ्यात बघा. शहर बदललंय." ही भाड्याची यंत्रं निरनिराळ्या शहरांत असतात, आणि वर ज्या शहराचं नाव निवडलंय तिथलीच तेवढी दिसतात. माझी दोन्ही यंत्रं दोन वेगळ्या शहरांत खुशाल चालू होती.

"आधी का नाही सांगितलंत?" मी खेकसले.

"तुम्ही बोलू द्याल तेव्हा ना."

भावजी असेच. हळू चालणारे, पण एक पायरी न गाळणारे. प्रत्येक खिडकी उघडून वाचायचे, प्रत्येक चौकोनाबद्दल विचारायचे. मी उतावीळ. मला वाटायचं, हे असे ठेचाळत चालले तर पुढच्या जन्मी शिकून होईल. त्यांचं दुःख वेगळंच होतं. "हाताला लागत नाही हो वहिनी," म्हणायचे. "गरम झालंय का, आवाज बदललाय का, काहीच कळत नाही. नुसता विश्वास ठेवायचा." तरी नेटानं बसायचे. सकाळी त्यांचे डोळे लाल असायचे, आणि जाऊ विचारायची, "झोप नाही का झाली?" ते म्हणायचे, "डास."

हळूहळू मला जमायला लागलं. आणि एक दिवस मॅडमनी धडा दिला: सरावासाठी बनवलेली यंत्रं लोक तशीच सोडून जातात, त्यांचं भाडं चढत राहतं, तर ती आपोआप साफ करणारा प्रोग्रॅम लिहा. नियम साधा. प्रत्येक यंत्राला एक टॅग लावायचा, म्हणजे एक लेबल, त्यावर मालक कोण ते लिहायचं. ज्याला मालकाचा टॅग नाही ते बेवारस. बेवारस दिसलं की काढून टाकायचं.

मी तो प्रोग्रॅम लिहिला. स्वतः. कुणाला न विचारता, चुकत, शिव्या देत, पण लिहिला. चालवला आणि सरावाची सगळी बेवारस यंत्रं एका झटक्यात साफ. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. भावजींनी विचारलं, ह्याचं नाव काय ठेवायचं? मी म्हटलं, कडक सासू. घरात कोण कुणाचं ते सांगा, नाहीतर चालते व्हा.

मॅडमना ती एवढी आवडली की त्यांनी ती कंपनीच्या खऱ्या खात्यावरसुद्धा लावली. दर शुक्रवारी दुपारी सासू फेरी मारणार. रोजची सुरक्षित प्रत काढणारी व्यवस्थाही त्यांनी त्याच टॅगवर बांधली, टॅग असेल त्या यंत्राचीच प्रत निघणार. "यंत्राचं नाव तुमच्या डोळ्यांसाठी," मॅडम म्हणाल्या. "प्रोग्रॅम नाव वाचत नाही, टॅग वाचतो. लक्षात ठेवा." मी मान डोलावली. मीच तर लिहिलं होतं ते. मला कोण शिकवतंय, असं मनात आलं.

हलवाहलवीचा दिवस शनिवार ठरला. खाली कारागिरांना सुट्टी, इमारत शांत. मी जुन्या आजोबांपाशी बसून जबड्यांच्या नकला काढत होते, आणि भावजी दुसऱ्या टेबलावर, त्यांच्या लॉगिननं, क्लाउडवर नवीन यंत्र उभं करत होते. मध्येच माझा फोन वाजला. आमचे हे. आवाज कापत होता. "अगं, तुझ्या जावेला गरगरतंय. प्रेशर खूप चढलंय. तिच्या नवऱ्याला काही सांगू नकोस, पण तुम्ही लवकर या."

मी भावजींना काही बोलले नाही. त्यांच्या पाठीशी जाऊन उभी राहिले आणि घाई करायला लागले. हे निवडा. हे राहू द्या. पुढे. पुढे. ते नेहमीसारखे एकेक चौकोन वाचत होते, आणि मला कोंडल्यासारखं झालं होतं. नावाच्या चौकोनात त्यांनी आजोबा लिहिलं, आमच्या रीतीप्रमाणे. मग खाली गेले आणि थांबले.

"वहिनी, मालकाचा टॅग?"

तो चौकोन उघडायचा, दोन शब्द टाइप करायचे, परत तपासायचं. भावजींना त्याला किती वेळ लागला असता ते मला माहीत होतं.

"अहो, नाव दिलंय ना आजोबा म्हणून? आजोबांना कोण बेवारस म्हणणार आहे? नंतर लावू. चला पुढे, मला घरी जायचंय."

त्यांनी माझ्याकडे एकदा मान वळवून पाहिलं. मग पुढचं बटण दाबलं. थोरल्या वहिनीचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता.

घरी पोचलो तोवर जावेचं प्रेशर उतरलं होतं, डॉक्टरीणबाई येऊन गेल्या होत्या. ती मला बिलगून रडली आणि मीही रडले. टॅग माझ्या डोक्यातून पार गेला.

सोमवारी सगळं लखलखीत चाललं. जबडे येत होते, कारागिरांना दिसत होते, उलट पूर्वीपेक्षा पटकन दिसत होते. मॅडम खाली येऊन आमच्याशी हात मिळवून गेल्या. जुने आजोबा खोलीत बंद करून ठेवले होते, थंडगार. त्यांच्यावरून हात फिरवत भावजी म्हणाले, "सुटले बिचारे." त्या आठवड्यात मी पहिल्यांदा पोटभर जेवले आणि गाढ झोपले. खरं सांगते, मला माझा अभिमान वाटत होता. या वयात, या डोक्यात, मी ते घातलं होतं.

शुक्रवारी दुपारी खालच्या मुकादमांचा फोन आला. "ताई, पडदे कोरे झाले. एक जबडा दिसत नाही."

मी आधी वरच्या कोपऱ्यात पाहिलं. शहर बरोबर होतं. यादीत आजोबा नव्हते. शोधलं, तर खाली एक करडी ओळ: यंत्र काढून टाकले. कुणी काढलं ते पुढेच लिहिलं होतं. माझ्या प्रोग्रॅमनं.

माझी दातखीळ बसली. भावजी शेजारून विचारत होते, "काय झालं? वहिनी, काय झालं?" मी नुसतं बोट ठेवलं त्या ओळीवर. त्यांनी वाचलं. मग ते हळूच म्हणाले, "प्रत असेल ना रोजची?"

प्रत टॅग असलेल्यांचीच निघायची. तरी मी उघडून पाहिलं. एकदा पाहिलं, दहादा पाहिलं. पान ताजं केलं, परत केलं. आत्ता येईल, आत्ता दिसेल. जबडे साठवायच्या डिस्कांची यादी पाहिली, यंत्राबरोबर ती डिस्कही गेलेली. मदतीच्या नंबरावर फोन लावला, तर तिकडची मुलगी अतिशय सभ्यपणे म्हणाली की काढून टाकलेलं परत आणता येत नाही, आणखी काही मदत करू का? मी तिला म्हटलं, "बाई, माझं घर बुडतंय, त्यात काय करता येईल ते सांग." तिचा काय दोष?

जुने आजोबा आम्ही धावत जाऊन चालू केले. त्यांच्यात शनिवारपर्यंतचे सगळे जबडे शाबूत होते. तेवढं वाचलं. पण त्यानंतरच्या आठवड्यात आलेला एकेक जबडा गेला होता, आणि डॉक्टरांच्या यंत्रात माप उरत नाही, ते थेट आमच्याकडेच येतं. म्हणजे तेवढ्या माणसांनी पुन्हा डॉक्टरांच्या खुर्चीत बसायचं, पुन्हा आ करायचं, पुन्हा माप द्यायचं, आणि तोवर बोळक्या तोंडानं पेज पीत राहायचं. एकेका डॉक्टरला फोन मीच केले. कुणी समजून घेतलं, कुणी घातल्या शिव्या. एक म्हणाले, "माझी पेशंट ऐंशीच्या पुढची आहे, माप घेताना तिला ओकारी आली होती, तिला आता मी कुठल्या तोंडानं बोलावू?" मी म्हटलं, "माझ्या तोंडानं बोलवा, मी येऊन तिच्या पाया पडते." त्यांनी फोन ठेवला.

भावजी माझ्या शेजारी बसून होते. टॅगचं एका अक्षरानं बोलले नाहीत. मला वाटलं, बोलतील, "मी विचारलं होतं," म्हणतील. म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

सोमवारी सकाळी मॅडमनी दोघांना बोलावलं. त्यांचा चेहरा ओढलेला होता. टेबलावर काहीच नव्हतं, लॅपटॉपसुद्धा मिटलेला.

"मी दोन दिवस वर भांडतेय," त्या म्हणाल्या. "त्यांना दोघांनाही काढायचं आहे. नोंदी मी स्वतः पाहिल्या. यंत्र कुणाच्या लॉगिननं बनलं, टॅगशिवाय कुणी बनवलं, सगळं त्यात आहे." त्यांनी भावजींकडे पाहिलं. "ते तुमचं लॉगिन आहे."

"हो," भावजी म्हणाले. "माझंच."

"विसरलात?"

"विसरलो. माझी चूक आहे."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, पण टेबलाखालून त्यांनी माझ्या चपलेवर आपला बूट ठेवला आणि दाबला. चांगला जोरात दाबला.

मॅडमचा आवाज मऊ झाला. "मला वाईट वाटतं. तुम्ही मेहनत केलीत. पण तुम्हाला मी नाही वाचवू शकत." मग माझ्याकडे वळल्या. "तुमचा प्रोग्रॅम मात्र नियमाप्रमाणे चालला. जे करायला सांगितलं होतं तेच त्यानं केलं. मी वर हेच सांगितलं, की ही बाई शिकली आहे, हिला ठेवा. ते कबूल झालेत. तुम्ही राहताय."

मी राहतेय. कान भरून ऐकलं मी ते. बूट अजून चपलेवर होता. एक शब्द बोलायचा नव्हता मला, नुसतं बसून राहायचं होतं. दोन मिनिटं गप्प बसले असते तर ती मीटिंग संपली असती. पण समोर तो माणूस मान खाली घालून, माझं पाप अंगावर घेऊन बसलेला, आणि माझ्या छातीत असं काही भडकलं की मला ते आवरलं नाही.

"खोटं आहे हे," मी म्हणाले. "त्यांनी विचारलं होतं टॅगचं. मी पाठीशी उभी होते. मीच म्हटलं राहू द्या. मला घाई होती. ते नुसते माझं ऐकत होते."

बूट बाजूला झाला. भावजींनी डोळे मिटले.

मॅडम माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता म्हणतील, खरं बोललात, शाबास. कसलं काय.

"म्हणजे नियम तुम्हाला माहीत होता," त्या म्हणाल्या. "तुम्हीच लिहिला होता. आणि ते विचारत असताना तुम्ही मोडायला लावलात."

"हो."

"आणि तुम्ही," त्या भावजींना म्हणाल्या, "आत्ता माझ्यासमोर खोटं बोललात."

भावजींनी मान डोलावली.

"एका माणसाच्या विसरण्याचा मी बचाव करू शकत होते," मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं. "एकासाठी भांडू शकत होते. आता मी कुणासाठी भांडू, सांगा? वर जाऊन काय सांगू?" मग त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. "बाहेरची कंपनी पुढच्या आठवड्यात येईल. तुम्ही आजच सगळं सोपवून जा."

सोपवण्यासारखं होतं तरी काय? लॉगिन बंद झाली. माझा स्वेटर मी उचलला. बाहेर रस्त्यावर ऊन होतं, आणि दुपारच्या वेळी ह्या रस्त्यावर कोण चालतं ते मला ठाऊकच नव्हतं, इतकी वर्षं ह्या वेळी मी खोलीत असायचे. बसच्या थांब्यापर्यंत भावजी माझ्या पुढे चालत होते. कधी पुढे चालायचे नाहीत. मी मागून म्हटलं, "तुमच्यावर खोटा आळ येऊ द्यायचा होता का मी? मला नसतं हो ते सहन झालं."

ते थांबले आणि वळले. त्यांच्या लग्नाआधीपासून मी त्या माणसाला ओळखते. आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"वहिनी, सहन मला करायचं होतं. तुम्हाला नुसतं गप्प बसायचं होतं. आळ माझ्यावर आला असता ना? येऊ दे की. पगार कुणाचाही असो, चूल एकच आहे. तुम्ही राहिला असतात तर पोरगं जन्माला येईपर्यंत तरी निभलं असतं. तुम्हाला मोकळं व्हायचं होतं म्हणून तुम्ही बोललात. माझ्यासाठी नाही बोललात."

तेवढ्यात बस आली.

बसमध्ये आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो. मी खिडकीतून बघत होते आणि काही दिसत नव्हतं. डोक्यात नुसतं फिरत होतं की घरी सांगायचं कसं. आधी ह्यांना बाजूला घेऊन सांगावं, की डॉक्टरीणबाईंना फोन करावा, की जाऊ झोपेपर्यंत थांबावं? कसंही सांगितलं तरी घर छोटं, भिंती पातळ. ती ऐकणारच. आणि तिचं ते प्रेशर. त्या शनिवारी ह्यांचा आवाज कसा कापत होता ते मला आठवत राहिलं.

दार ह्यांनी उघडलं. इतक्या लवकर आम्हाला दोघांना दारात बघून त्यांचा चेहरा उतरला. मागे जाऊ, एक हात कमरेवर, एक भिंतीला.

"काय हो?" तिनं विचारलं. "एवढ्यात? काय झालं?"

मी भावजींकडे पाहिलं. त्यांनी चपला-बुटांच्या फळीवर आपले बूट नीट जोडून ठेवले. मग बायकोकडे बघून हसले. कुठून आणलं ते हसू, देव जाणे.

"माझी गेली," ते म्हणाले. "खोली बंद झाली, मग मी तिथे काय करणार? मला नाही जमलं ते नवीन. पण घाबरू नकोस. वहिनींना ठेवलंय. मॅडमनी स्वतः सांगितलं, ही बाई शिकली आहे म्हणून. आज सगळ्यांनाच लवकर सोडलं."

जावेचा श्वास आत अडकला तो मी ऐकला, आणि मग सुटला. ती खुर्चीत बसली. "बरं झालं गं बाई," ती म्हणाली, "एकाची तरी राहिली. मला वाटलं दोघांचीही गेली की काय." तिनं माझा हात धरला आणि स्वतःच्या पोटावर ठेवला. हे काठी टेकत माझ्याजवळ आले. त्यांना माझा चेहरा वाचता येतो, एवढ्या वर्षांचा संसार आहे. माझ्या डोळ्यांत बघत त्यांनी हळूच विचारलं, "खरंच गं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. भावजी सोडून. ते पाणी प्यायला आत गेले होते, आणि आतून कसलाच आवाज येत नव्हता.

"हो," मी म्हणाले. "उद्या जरा लवकरच निघावं लागेल."